इंजिनाच्या मापाचा पाइप

सायकलला बसवायच्या इंजिनाच्या किटमध्ये जो सायलेन्सर येतो, तो कापून पाहिला तर आत फारसं काही नसतं. वाकवलेली एक बारीक नळी, तिच्या पुढे पत्र्याचा गोल डबा आणि डब्यात भोकं पाडलेला छोटा तुकडा. धूर मागे न्यायचा आणि आवाज जरा दाबायचा, एवढ्याच कामासाठी तो केलेला असतो. टू-स्ट्रोक इंजिनात पाइपाकडून याहून फार मोठं काम घेता येतं. ते काम करणारा पाइप मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, एका मिस्त्रींच्या हाताखाली उभं राहून बनवून घेतला. तो कसा बनला, हे इथे सविस्तर लिहितोय.

माझी सायकल जुन्या बांध्याची, काळी, २८ इंची चाकांची. तिच्या फ्रेमचा त्रिकोण मोठा असल्यामुळे इंजिन त्यात नीट मावतं. इंजिन चिनी बनावटीचं, ४७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ३८ मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनची धाव). बाजारात त्याला ८० सीसी म्हणतात, पण या मापांचा हिशेब ६६ सीसीच येतो. गावात कुणी पाहिलं की हमखास विचारतं, ‘सायकलची लुना केलीसा व्हय?’ प्रश्न बरोबरच आहे. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लुना आणली, तीही पायडल असलेली, ५० सीसीची गाडी होती. आमच्याकडे दूध घालायला जाणाऱ्यांनी आणि शाळामास्तरांनी तिच्यावर आयुष्यं काढली.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला मोटार वाहन मानत नाहीत. त्याच्या वरचं इंजिन असलं की ते मोटार वाहन होतं, मग नोंदणी, विमा, परवाना सगळं आलं. ६६ सीसीची घरी जुळवलेली सायकल नोंदवता येत नाही, म्हणून ती सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. माझी सायकल शिवारातच चालते. नदीकडच्या विहिरीपासून माळावरच्या घरापर्यंत आमचा स्वतःचा रस्ता आहे आणि त्याच्या मधोमध एक खडा चढ आहे. फवारणीचा पंप, पाइपाचे जोड, कधी खताची अर्धी पिशवी कॅरिअरला बांधून तो चढ चढायचा, हेच या सायकलचं काम.

त्या चढावर इंजिन रडायचं. मागच्या चाकाला किटबरोबर आलेलं ४४ दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, होतं. वेग ताशी सतरा-अठरा किलोमीटरवर यायचा, इंजिनाचे फेरे मिनिटाला अडीच हजारांच्या खाली जायचे आणि पाय मारल्याशिवाय माथा गाठता यायचा नाही. पाइप बदलायचा विचार तिथून आला. आवाजाची हौस म्हणून पाइप बदलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही, पण माझा शोध चढावरच्या ताकदीचा होता.

टू-स्ट्रोक इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर सोडणारं पोर्ट उघडतं, मग हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत सोडणारी पोर्टं. वर जाताना आधी ताज्या मिश्रणाची पोर्टं बंद होतात आणि एक्झॉस्ट शेवटी. म्हणजे ताजं मिश्रण आत येतं तेव्हा बाहेरचं दार उघडंच असतं आणि थोडं पेट्रोल न जळता निघून जातं. हे गळणारं मिश्रण अडवायचं कसं? तर पाइपातल्या लाटेने. एक्झॉस्ट पोर्ट उघडलं की दाबाची एक लाट पाइपात घुसते. गरम धुरात ती सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने धावते. विहिरीत हाक मारली की ती भिंतीवर आपटून परत येते, तशी ही लाटही पाइपाचा आकार बदलला की परत फिरते. पाइप रुंदावत गेला तर परत येणारी लाट ओढ घेणारी असते. ती जळका धूर खेचून काढते आणि मागून ताजं मिश्रण आत ओढते. पाइप निमुळता होत गेला तर परत येणारी लाट ढकलणारी असते. ती पोर्टाशी नेमकी वेळेवर पोचली, तर निसटून गेलेलं मिश्रण पिस्टनने दार लावायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. आधी रुंदावणारा आणि मग निमुळता होणारा हा पाइप म्हणजे एक्स्पान्शन चेंबर.

ही विद्या पक्की केली ती पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, दाबाच्या लाटा पाहून त्याने पाइपांचे आकार ठरवले. १९६१ पर्यंत त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं, म्हणजे इंजिनाच्या लिटरभर मापाला २००. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निघून गेला आणि ती विद्या घेऊन सुझुकीत दाखल झाला. १९६२ चं ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीने डेगनरच्याच हातून मिळवलं. नंतरच्या जपानी टू-स्ट्रोक गाड्यांवर या विद्येची छाप आहे. कोल्हापुरातल्या माझ्या वयाच्या माणसाला यामाहा आरएक्स १०० चा बेंड पाइप आणि लांब सायलेन्सर डोळे मिटूनही आठवतो. पण त्या पाइपाची लांबी तेवढीच का, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

लांबी इंजिन सांगतं. एक्झॉस्ट पोर्ट इंजिनाच्या क्रँकच्या (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या दांड्याच्या) किती अंशांपर्यंत उघडं राहतं आणि तुम्हाला ताकद किती फेऱ्यांवर हवी आहे, या दोन गोष्टींवर ती ठरते. पोर्ट जेवढा वेळ उघडं, तेवढ्या वेळात लाटेने जाऊन परत यायचं. हिशेब असा: लाटेचा वेग गुणिले अंश, भागिले फेऱ्यांची बारापट. उत्तर मीटरमध्ये येतं.

अंश मोजायला मी प्लायवूडची चकती कापून तिच्यावर कोनमापकाची छापील प्रत चिकटवली आणि मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूने क्रँकला बसवली. जुन्या प्लगातली चिनी माती काढून त्यात बोल्ट बसवला, की पिस्टन अडवायचा ठोकळा तयार होतो. दोन्ही बाजूंनी पिस्टन त्याला टेकवायचा, चकतीवर खुणा करायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. तो पिस्टनचा सगळ्यात वरचा बिंदू. तिथून फिरवत गेलो तर १०२ अंशांवर पोर्टाची कड उघडली. बंदही तितक्याच अंतरावर होणार. म्हणजे ३६० मधून २०४ गेले, उरले १५६ अंश.

फेऱ्यांचा निर्णय जास्त विचार करायला लावणारा होता. शर्यतीसाठी पाइप करणारे सात-आठ हजार फेरे धरतात. मग पाइप आखूड होतो, सपाट रस्त्यावर सायकल सुसाट जाते आणि चढावर मात्र पहिल्यापेक्षाही मरगळते. लाट वेळेआधी किंवा उशिरा आली की ती मदत करत नाही, उलट अडवते. मला चढावर पंचवीसच्या आसपास वेग पुरेसा होता. ४४ दात्यांवर त्या वेगाला इंजिन जेमतेम साडेतीन हजार फेरे घेतं आणि एवढ्या कमी फेऱ्यांचा पाइप दीड मीटरच्याही वर जातो. तो सायकलला बांधणार कुठे? म्हणून आधी मागचं स्प्रॉकेट ५६ दात्यांचं केलं. इंजिनाच्या आतला गिअर ४.१ पट, बाहेरचा आता ५.६ पट. त्यामुळे २६ किलोमीटर वेगाला साडेचार हजार फेरे आणि ३२ ला साडेपाच हजार. पाइप साडेपाच हजार फेऱ्यांचा धरला. ५०० गुणिले १५६, भागिले बारा गुणिले ५५००. उत्तर आलं १.१८ मीटर, मिलिमीटरमध्ये ११८२.

ही लांबी पिस्टनच्या कडेपासून निमुळत्या भागाच्या आत, लाट जिथून सरासरी परत फिरते त्या बिंदूपर्यंतची असते. फ्लँजपासून, म्हणजे पाइप सिलिंडरला आवळायच्या पट्टीपासून, मोजायला सुरुवात केली तर सिलिंडरमधला पोर्टाचा बोगदा हिशेबाबाहेर राहतो. माझ्या सिलिंडरमध्ये तो ३० मिलिमीटर भरला.

बाकीची मापं याच्याभोवती बसवली. सुरुवातीची नळी एक इंची, १६ गेजची, म्हणजे आतून २२ मिलिमीटर. बोगदा धरून तिची लांबी ३८०. रुंदावणारा शंकू २२ पासून ५५ मिलिमीटरपर्यंत, एकूण सात अंशांच्या कोनात, लांबी २७०. कोन जितका कमी तितकी ओढ सौम्य, पण जास्त फेऱ्यांवर पसरलेली. शेतातल्या चढाला तीच बरी. मग ५५ चं सरळ पोट, ४३४ लांबीचं. शेवटी निमुळता शंकू सोळा अंशांचा, १४९ लांबीचा, आणि त्याच्या टोकाला धूर बाहेर सोडणारी, आतून १३ मिलिमीटरची शेपटीची नळी. या शेपटीच्या नळीबाबत हयगय चालत नाही. तिचा व्यास सुरुवातीच्या नळीच्या सहा दशांश असावा. फार बारीक केली तर दाब आणि उष्णता पाइपात कोंडतात आणि पिस्टनला भोक पडू शकतं. फार मोठी केली तर परत येणारी लाटच मरते.

हा कागद घेऊन उद्यमनगरात गेलो. तिथे ऑइल इंजिनाचे भाग, ओतकाम, लेथची कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. मिस्त्रींचं दुकान गल्लीच्या आतल्या बाजूला आहे. वय साठीच्या पुढचं, टू-स्ट्रोकच्या काळात यांनी येझ्दी मोटरसायकलचे किती सायलेन्सर सांधले असतील याची गणती नाही. कागद त्यांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, ‘सर, आकडं बरोबर असतील तुमचं. पण सायकलीवर पाय हलतोय, चेन पळतीया. आधी तार वाकवून बघू या. पत्र्याला हात नंतर.’

पाइपाचा मार्ग ठरवायला त्यांनी आठ नंबरची तार घेतली. तिच्यावर खडूने खुणा केल्या: इथे नळी संपते, इथे शंकू संपतो, इथे पोट. मग ती तार पोर्टापासून वाकवत सायकलच्या अंगाने नेली. या इंजिनाचं एक्झॉस्ट पुढच्या तोंडाला असतं आणि त्याच्या समोरच फ्रेमची तिरपी नळी येते. उजवीकडे पायडलचं चेनव्हील आहे, म्हणून तार डावीकडून काढली. तिरप्या नळीच्या बाजूने खाली, मग वळून पायडलच्या धुरीखालून मागे, आणि पुढे डाव्या अंगाने मागच्या चाकाच्या कडेने. इंजिनाच्या चेनला ती लागत नव्हती, चेन तिच्या वरून जाते. खरी अडचण धुरीच्या मागे होती. तिथे एका बाजूला टायर आणि मडगार्ड, दुसऱ्या बाजूला फिरणारा पायडलचा क्रँक. इंजिनाची झाकणं पायडलच्या क्रँकला घासू नयेत म्हणून धुरी मी आधीच लेथवर जास्त लांबीची करून घेतली होती. तरीही ५५ चं गोल पोट तिथे बसेना.

मिस्त्रींनी उपाय सांगितला: पोटाचा तेवढाच भाग दाबून लंबगोल करायचा. परीघ तोच राहतो, रुंदी कमी होते. ४० बाय ६८ धरलं तर आतलं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी घटतं. सरळ पोटात एवढ्याने फार बिघडत नाही. तेच शंकूच्या भागात केलं असतं तर लाटेचा हिशेब विस्कटला असता. हाताने काम करणाऱ्याला कुठे दाबलं तर चालतं आणि कुठे नाही, हे बरोबर कळत होतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

शंकू बनवणं हा या कामातला सगळ्यात देखणा भाग. सपाट पत्र्यातून शंकू काढायचा तर आधी तो उलगडून कागदावर मांडावा लागतो. उलगडलेला शंकू म्हणजे पंख्याच्या आकाराचा तुकडा. रुंदावणाऱ्या शंकूसाठी बाहेरची त्रिज्या ४५० मिलिमीटर, आतली १८०, आणि दोन कडांमधला कोन २२ अंश. निमुळत्यासाठी १९८, ४७ आणि ५० अंश. मिस्त्रींनी कंपास म्हणून लाकडी पट्टीला दोन खिळे ठोकले. पुठ्ठ्यावर आकार काढला, कापला, वळवून तोंडं जुळवून पाहिली, मगच २० गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यावर उतरवला. कात्रीने कापल्यावर कडा कानशीने सरळ केल्या, कारण कडा वाकडी असेल तर वेल्डिंगला फट राहते आणि पत्रा जळतो.

वळवायला त्यांच्याकडे शंकूचं रोलिंग मशीन नव्हतं. जमिनीत पुरलेल्या खुंटाला एक जाड पाइप आडवा बांधलेला होता. त्यावर पत्रा धरायचा आणि लाकडी हातोडीने कडेपासून मध्याकडे, हलक्या हाताने, ओळीने ठोकत यायचं. एकाच जागी दोनदा जोर लागला की तिथे घडी पडते. मिस्त्री पत्रा प्रत्येक फटक्याबरोबर थोडा फिरवत होते. बघता बघता पंख्याचा तुकडा नळी होत गेला. कडा एकमेकींना भिडल्यावर त्यांनी बारीक तारेने तीन जागी आवळलं, टाके मारले आणि गॅसने शिवण घातली. हे काम आर्गन वेल्डिंगवर जास्त स्वच्छ होतं, हे त्यांनीच सांगितलं. पण पातळ पत्र्यावर त्यांच्या गॅसची शिवण इतकी एकसारखी आली की घासायची गरज पडली नाही. आतून थेंब लोंबत नाहीत ना, हे मात्र प्रत्येक जोडाला बोट घालून पाहिलं.

सुरुवातीच्या नळीला दोन वळणं हवी होती. नळीत कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली आणि वळणाची जागा लाल करून वाकवली. वाळूमुळे नळी चेपत नाही. वाळू खरंच कोरडी पाहिजे. ओली राहिली तर आत वाफ कोंडते आणि बूच गोळीसारखं सुटतं. त्यांनी ती आधी तव्यावर भाजून घेतली होती.

फ्लँज सहा मिलिमीटर जाड पट्टीतून कापली. तिचं भोक गोल न ठेवता सिलिंडरच्या पोर्टाच्या आकाराचं केलं आणि पुढे नळीच्या गोल आकारात मिळवून घेतलं. किटमधली गॅस्केट, म्हणजे फ्लँज आणि सिलिंडर यांच्यामधला पातळ थर, पोर्टाच्या आत डोकावत होती, म्हणजे दारातच उंबरा. तीही पोर्टाच्या मापाने नव्याने कापली.

सगळा पाइप जोडल्यावर एक तोंड बुचाने बंद करून आत पाणी भरलं. एका शिवणीतून घाम फुटल्यासारखा ओलावा दिसला, तिथे पुन्हा टाका पडला. पाइपाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी लाट कमजोर होते आणि तिथून तेल गळत राहतं.

आता बसवण्याविषयी. सायकलच्या इंजिनांचे पाइप मोडतात ते बहुतेक फ्लँजपाशी, किंवा फ्लँज सिलिंडरला धरणारे सहा मिलिमीटरचे स्टड तुटतात, आणि त्याचं कारण हादरे. इंजिन एका तालात थरथरतं, फ्रेम दुसऱ्या. सव्वा मीटरचा पाइप दोन्हीकडे घट्ट आवळला की मधला सगळा ताण त्या दोन स्टडवर येतो. म्हणून नळी आणि शंकू यांच्यामध्ये वेल्डिंग केलंच नाही. तिथे एकात एक सरकणारा जोड ठेवला, २५ मिलिमीटर आत गेलेला, लेथवर इतका जुळवून काढला की हाताने सरकतो पण खुळखुळत नाही. तो सुटू नये म्हणून दोन बाजूंना ताणलेल्या स्प्रिंगा. जोडात उष्णता सोसणारं सिलिकॉन. मागे पोटाला पट्टी जोडून ती फ्रेमला रबरी बुशातून धरली. आता इंजिन आपलं थरथरतं आणि पाइप त्याच्याबरोबर हलतो, तुटत नाही. स्टडला दुहेरी नट लावले आणि पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळले. हे न करणाऱ्याच्या गॅस्केटमधून चार दिवसांत काळं तेल ओघळायला लागतं.

पाइप बदलला की कार्बोरेटर तसाच ठेवता येत नाही. इंजिन आता जास्त हवा ओढतं, त्याला तेवढं पेट्रोलही जास्त लागतं. नाही मिळालं तर मिश्रण पातळ होतं, सिलिंडर तापतो आणि पिस्टन जाम होतो. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात आमच्याच शिवारातल्या उसाचा वाटा असेल, पण इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून तोच जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक तोंड, ठेवला तर मिश्रण आणखी पातळ पडतं. मी मुद्दाम मोठ्या जेटपासून सुरुवात केली आणि खाली आलो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरला ४० मिलिलिटर ठेवलं. प्लग एनजीकेचा बी-६-एचएस, कोरा. चढावर पूर्ण रेस देऊन सायकल न्यायची, माथ्यावर रेस तशीच ठेवून क्लच दाबायचा आणि त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. मग प्लग काढून पाहायचा. काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे धोका. भाजलेल्या विटेसारखा तपकिरी रंग आला तिथे थांबलो. इंजिन हळू सोडत आणून बंद केलं तर प्लगचा रंग खोटा दिसतो, म्हणून त्याच क्षणी बंद करणं महत्त्वाचं.

आवाजाकडे मी तितकंच लक्ष दिलं. उघडा एक्स्पान्शन चेंबर कानठळ्या बसवतो. शहरात बुलेटचे बदललेले सायलेन्सर पोलीस जप्त करतात आणि रोडरोलरखाली चिरडतात. त्याचे फोटो दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रांत येतात आणि मला त्या कारवाईचं समर्थनच करावंसं वाटतं. हॉस्पिटलजवळ राहणाऱ्याला विचारा. शेतातही शेजारी आहेत, गोठ्यात जनावरं आहेत. लोकांचा एक पक्का समज आहे की ताकद हवी असेल तर आवाज सोसावाच लागतो. टू-स्ट्रोकमध्ये तो निखालस चुकीचा आहे. ताकद शंकूंच्या आकारातून येते आणि लाटेचं काम निमुळत्या शंकूपाशी संपतं. त्याच्या पुढे जे बाहेर पडतं ते खुशाल गप्प करावं. शेपटीच्या नळीपुढे आम्ही भोकं पाडलेली १४ मिलिमीटरची नळी लावली, तिच्याभोवती ग्लास वूल गुंडाळलं आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची नळकांडी चढवली. आतली नळी शेपटीपेक्षा बारीक नसल्यामुळे धूर अडत नाही. सायकलचा आवाज आता किटच्या डब्यापेक्षा जाड आहे, पण मोठा नाही. घरातून आई सांगते की आधी चढाच्या खालूनच कळायचं मी येतोय, आता अंगणात आल्यावर कळतं.

ताकद पाइपाने दिली की स्प्रॉकेटने, हे वेगळं काढायचं म्हणून मी आधी फक्त स्प्रॉकेट बदलून, जुन्या सायलेन्सरवर, तोच चढ तेवढंच ओझं घेऊन चढलो होतो. वेग सतरा-अठराचा एकवीस झाला होता. नवा पाइप आणि जेट लागल्यावर तो सव्वीसवर स्थिरावला. पाय मारावे लागत नाहीत. सपाटीला मात्र पूर्वीचा चाळिशीचा वेग आता मिळत नाही, पस्तिशीच्या पुढे इंजिन नुसतं ओरडतं. तो सौदा मी समजून केला होता. खरा फरक फेऱ्यांच्या आकड्यांपेक्षा हाताला जाणवतो: साडेचार हजारांच्या आसपास लाट वेळेवर यायला लागते आणि रेस न वाढवताही सायकल मागून कुणी हात लावल्यासारखी पुढे सरकते. इंजिन गार असताना हे होत नाही. पाइप तापल्याशिवाय आतली लाट ठरलेल्या वेगाने धावत नाही, म्हणून पहिला अर्धा किलोमीटर सायकल जड वाटते.

पावसाळ्यानंतर पाइप उतरवला तेव्हा सरकत्या जोडात काजळी होती, पोटात थोडं तेल साचलं होतं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतलं, हातमोजे आणि चष्मा घालून. अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांडीला सोडा लागू द्यायचा नाही, तो त्या धातूला खातो. ग्लास वूल नवं भरलं. लंबगोल दाबलेल्या भागाला गंज धरला होता, तिथे उष्णतेचा काळा रंग पुन्हा दिला. स्टड जागेवर होते.

शेजारच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याकडे तशाच किटची सायकल आहे. त्याला असाच पाइप हवा होता आणि तो मिस्त्रींकडे माझ्या पाइपाचे फोटो घेऊन गेला. मिस्त्रींनी मला फोन केला, ‘सर, ती तुमची चकती घेऊन या. हेचं पोर्ट मोजल्याबिगर मी पत्रा कापणार न्हाई.’ मोजलं तर त्याच किटच्या त्याच ६६ सीसीच्या इंजिनात पोर्ट १०६ अंशांवर उघडत होतं, म्हणजे १४८ अंश. ओतकामात एवढा फरक पडतो. साडेपाच हजार फेऱ्यांसाठी लांबी ११२१ आली. मिस्त्रींनी दोन्ही शंकू माझ्याच पुठ्ठ्यावरून काढले आणि पोटाची नळी ६१ मिलिमीटरने कमी कापली.